थायोयुरियातला नायट्रोजन कुठे गेला? सोडियम एक्स्ट्रॅक्टबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.एस्सी.च्या ऑर्गॅनिक प्रॅक्टिकलला एक पांढरा स्फटिकी पदार्थ मिळाला. तो थायोयुरिया, म्हणजे नायट्रोजन आणि गंधक दोन्ही असलेलं एक कार्बनी संयुग, होता हे नंतर कळलं. सोडियम एक्स्ट्रॅक्ट (पदार्थ सोडियमबरोबर तापवून, पाण्यात उतरवून गाळलेलं द्रावण) करून नायट्रोजनची चाचणी घेतली तर निळ्याऐवजी लाल रंग आला, म्हणून ‘नायट्रोजन नाही’ असं लिहिलं. लेड अ‍ॅसिटेटने काळा अवक्षेप आला नाही, म्हणून ‘गंधक नाही’. तांब्याच्या तारेवर ज्योत हिरवी झाली आणि सिल्व्हर नायट्रेटने पांढरा गढूळपणा आला, म्हणून ‘क्लोरीन आहे’. तिन्ही निष्कर्ष चुकले. चूक नेमकी कुठे झाली, आणि मुळात सोडियम लागतंच कशाला, असं विचारलं आहे.

तुम्ही जे जे पाहिलंत ते सगळं बरोबर पाहिलंत. थायोयुरियाला सोडियम कमी पडलं आणि पाणी नळाचं वापरलं, तर अगदी हेच दिसतं. मूलद्रव्यांच्या चाचण्यांमध्ये मुलांचं सगळं लक्ष परीक्षानळीतल्या रंगाकडे असतं. पण निकाल त्याच्या दहा मिनिटं आधी, इग्निशन ट्यूबमध्ये, म्हणजे पदार्थ आणि सोडियम तापवायच्या छोट्या काचेच्या नळीतच, लागलेला असतो. रंग फक्त तो वाचून दाखवतात. म्हणून चाचणी फसली की अभिकारकाच्या बाटलीला दोष देण्याआधी सोडियम, नळी आणि पाणी तपासायचं, हे माझं ठाम मत आहे.

आता सोडियम कशाला ते पाहू. आपल्या शेल्फवरची सिल्व्हर नायट्रेट, लेड अ‍ॅसिटेट, फेरस सल्फेट ही सगळी अभिकारकं आयन ओळखतात. मिठाच्या द्रावणात क्लोराइड आयन मोकळे असतात, म्हणून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडताक्षणी पांढरा अवक्षेप येतो. क्लोरोबेंझीनमध्येही क्लोरीन आहे, पण ते बेंझीनच्या वलयाला सहसंयुज बंधाने जोडलेलं आहे. पाण्यात ते आयन होऊन सुटत नाही आणि सिल्व्हर नायट्रेटला त्याचा पत्ता लागत नाही. सल्फानिलिक आम्लातल्या गंधकाचं किंवा अ‍ॅसिटॅनिलाइडमधल्या नायट्रोजनचंही तेच. तापून लाल झालेल्या नळीत सोडियम रेणूची पूर्ण मोडतोड करतं आणि प्रत्येक मूलद्रव्याचा पाण्यात विरघळणारा क्षार बनवतं. हॅलोजनचं (क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन वगैरेंचं) सोडियम हॅलाइड होतं, गंधकाचं सोडियम सल्फाइड. नायट्रोजन एकटा पकडता येत नाही, तो कार्बनसोबत सोडियम सायनाइड म्हणून येतो. हे ‘कार्बनसोबत’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि नायट्रोजन व गंधक दोन्ही हजर असताना सोडियम अपुरं असेल, तर सोडियम, कार्बन, नायट्रोजन आणि गंधक एकत्र येऊन सोडियम थायोसायनेट बनतं. तुमचा लाल रंग त्याचा आहे.

ही पद्धत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जाँ लुई लासेन यांची. ते आल्फोरच्या पशुवैद्यकीय विद्यालयात शिकवत. १८४३ मध्ये त्यांनी सेंद्रिय पदार्थातला अगदी थोडा नायट्रोजनही दाखवून देणारी ही चाचणी प्रसिद्ध केली. त्यांनी पोटॅशियम वापरलं होतं, सोडियम नंतर रूढ झालं. मात्र चाचणीचं रसायन त्याहून जुनं आहे. १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये डिसबाख नावाचा रंग बनवणारा कारागीर तांबडा रंग करायला बसला होता. त्याने वापरलेल्या पोटॅशमध्ये प्राण्यांपासून काढलेल्या तेलाची भेसळ होती, आणि लोहाच्या क्षाराशी गाठ पडताच तांबड्याऐवजी गडद निळा रंग तयार झाला. तोच प्रशियन ब्लू. प्राणिज पदार्थातला नायट्रोजन, अल्कली आणि लोह या तिघांतून निळा रंग निघतो हे युरोपातल्या रंगाऱ्यांना असं कळलं होतं, फक्त का निघतो ते कळलं नव्हतं. आपल्या परीक्षानळीतला निळा अवक्षेप हाच, फेरिक फेरोसायनाइड.

आता तुमच्या नळीचा हिशेब करू. हा हिशेब पुस्तकात सहसा नसतो, पण एकदा मांडला की कोडं सुटतं. ४ मिलिमीटर बाजूचा सोडियमचा तुकडा घेतला तर त्याचं आकारमान ६४ घन मिलिमीटर. घनता ०.९७, म्हणजे वजन सुमारे ६२ मिलिग्रॅम. २३ ने भागलं की २.७ मिलिमोल सोडियम. थायोयुरियाचा रेणुभार ७६. पदार्थ ५० मिलिग्रॅम घेतला तर तो ०.६६ मिलिमोल झाला. प्रत्येक रेणूत कार्बनचा एकच अणू आहे, म्हणजे जास्तीत जास्त एकच सायनाइड. त्याला एक सोडियम, आणि गंधकाचं सल्फाइड करायला आणखी दोन. एकूण तीन, म्हणजे ०.६६ च्या तिप्पट, जवळजवळ २ मिलिमोल. कागदावर सोडियम पुरतंय. पण प्रत्यक्षात तुकड्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर असतो, नळीत हवा असते, पदार्थात ओलावा असतो, आणि थायोयुरियातले नायट्रोजनला जोडलेले चार हायड्रोजनही सोडियम खातात. शिल्लक राहिलेलं ०.७ मिलिमोल एवढ्यातच संपतं. आणि ‘चिमूटभर’ म्हणत तुम्ही १०० मिलिग्रॅम टाकला असेल, तर नुसत्या सायनाइड आणि सल्फाइडलाच ३.९ मिलिमोल सोडियम हवं होतं. ते नव्हतंच. म्हणून गंधक थायोसायनेटमध्ये अडकून राहिलं, आणि त्याच्यासोबत नायट्रोजनही.

सोडियम भरपूर असतं तर थायोसायनेट तयार होऊनही टिकलं नसतं. जास्तीचं सोडियम त्याला फोडून सायनाइड आणि सल्फाइड वेगळं करतं. म्हणून नायट्रोजन आणि गंधक एकत्र असल्याची शंका आली, की पदार्थ कमी आणि सोडियम जास्त घेऊन एक्स्ट्रॅक्ट पुन्हा करायचं. पहिल्याच एक्स्ट्रॅक्टवर चाचण्यांची पाळीमागून पाळी लावून काही हाती येत नाही.

वितळवणं कसं करायचं, यावर थोडा वेळ थांबतो. सोडियम केरोसिनमधून चिमट्याने काढा आणि फिल्टर पेपरमध्ये दाबून पूर्ण कोरडं करा. राहिलेलं केरोसिन नळीत काजळी करतं आणि एक्स्ट्रॅक्ट तपकिरी होतं. पांढरा थर चाकूने कापून चकचकीत गाभाच घ्या. बोटं लावू नका. बोटांना ओल असते, आणि घामात क्लोराइडही असतं. नळी आधी ज्योतीवर फिरवून कोरडी करून घ्या. सोडियम सुमारे ९८ अंश सेल्सिअसला वितळतं. त्याचा चमकदार मणी झाला की नळी ज्योतीबाहेर घेऊन थोडासा पदार्थ थेट मण्यावर पडेल असा टाका, काठांवर चिकटू देऊ नका. पहिला भडका शांत झाला की आधी हळू, मग जोरात तापवा. नळीचं बूड लालभडक होऊन एक-दोन मिनिटं तसंच राहिलं पाहिजे. नुसता काळा धूर निघाला म्हणजे झालं, असं समजून मुलं इथेच घाई करतात. मग लाल नळी चायना डिशमधल्या १० ते १५ मिलिलीटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा आणि लगेच जाळीने झाका. अशा दोन-तीन नळ्या एकाच डिशमध्ये फोडल्या तर उत्तम. काचेचे तुकडे बत्त्याने दाबून, उकळून गाळा. गाळलेलं द्रावण स्वच्छ, रंगहीन आणि लिटमसला ठळक अल्कली हवं. ते पिवळट किंवा तपकिरी असेल तर पदार्थ पूर्ण मोडलेला नाही. ते फेकून नवीन करा, पुढे वाचणारा वेळ मोठा आहे. डोळ्यांवर गॉगल हवाच, आणि नळीचं तोंड कोणाच्याही दिशेने नको.

एक धोका मात्र आधीच सांगायला हवा. प्रॅक्टिकलच्या पदार्थांच्या यादीत क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड सर्रास असतात. एका कार्बनवर अनेक हॅलोजन असलेले हे द्रव तापलेल्या सोडियमशी स्फोटक अभिक्रिया करू शकतात. नायट्रोअल्केन, अझाइड आणि डायझो संयुगांचंही तेच. मिळालेला द्रव पाण्यात बुडत असेल आणि पेटवूनही पेटत नसेल, तर सोडियमला हात लावण्याआधी डेमॉन्स्ट्रेटरना दाखवा. याबाबतीत भीड ठेवू नका.

आता नायट्रोजनची चाचणी. एक्स्ट्रॅक्टमध्ये ताज्या फेरस सल्फेटचा छोटा खडा टाका. जुनं तपकिरी द्रावण नको. हिरवट चिखलासारखा फेरस हायड्रॉक्साइड दिसला पाहिजे. दिसला नाही तर द्रावण पुरेसं अल्कली नाही, सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन-चार थेंब घाला. मग उकळा. उकळताना सायनाइड फेरस आयनाशी जोडून फेरोसायनाइड होतं आणि हवेमुळे थोडं फेरस आपोआप फेरिक होतं. थंड करून सौम्य सल्फ्युरिक आम्ल घातलं की हायड्रॉक्साइड विरघळतात आणि निळा अवक्षेप उघडा पडतो. आम्ल सल्फ्युरिकच घ्या. हायड्रोक्लोरिक आम्लात फेरिक क्लोराइडचा पिवळेपणा येतो, आणि निळ्यावर पिवळा मिसळला की तुम्हाला हिरवा दिसतो. त्याच कारणाने फेरिक क्लोराइड वरून ओतण्याची घाई नको. हिरवट रंग आलाच तर पंधरा मिनिटं थांबून गाळा. फिल्टर पेपरवर निळे कण राहिले तर नायट्रोजन आहे. गंधक असेल तर फेरस सल्फेट टाकताच काळा फेरस सल्फाइड पडतो. घाबरू नका, तो आम्लात विरघळतो.

आणि तुमच्यासारखा रक्तासारखा लाल रंग आला, तर त्याचा अर्थ नायट्रोजन आणि गंधक दोन्ही आहेत असा होतो. थायोसायनेट फेरिक आयनाशी हा रंग देतं. एका रंगाने दोन मूलद्रव्यं सिद्ध झाली होती आणि वहीत दोन्हीपुढे ‘नाही’ लागलं.

लेड अ‍ॅसिटेटने काही का आलं नाही, तेही आता स्पष्ट होईल. ती चाचणी सल्फाइड आयनाची आहे आणि तुमचं गंधक थायोसायनेटमध्ये होतं. सोडियम नायट्रोप्रुसाइडची जांभळी चाचणीही त्याच कारणाने फसली असती. लेड अ‍ॅसिटेटच्या आधी आम्ल घालायचं ते अ‍ॅसिटिक. सल्फ्युरिक घातलं तर लेड सल्फेटचा पांढरा अवक्षेप येऊन गोंधळ होतो. थायोयुरियाच्या बाबतीत एक सोपी खातरजमाही आहे. मूळ पदार्थ सोडियम हायड्रॉक्साइड आणि लेड अ‍ॅसिटेटसोबत नुसता उकळला तरी काळा लेड सल्फाइड येतो, कारण त्यातलं गंधक अल्कलीत सुटतं. सल्फोनिक आम्लातलं गंधक असं सुटत नाही.

राहिलं क्लोरीन. तांब्याच्या तारेची चाचणी रसायनशास्त्रज्ञ बाइलश्टाइन यांनी १८७२ मध्ये सुचवली. तापलेल्या तारेवरच्या कॉपर ऑक्साइडशी हॅलोजनचा संयोग होऊन बाष्पनशील कॉपर हॅलाइड बनतं आणि ज्योत हिरवी होते. चाचणी अतिशय संवेदनशील आहे आणि तेच तिचं दुखणं आहे. युरिया, थायोयुरिया आणि पिरिडिनवर्गीय काही पदार्थ हॅलोजन नसतानाही हिरवी ज्योत देतात. फ्लुओरीन मात्र ती दाखवत नाही, कारण कॉपर फ्लुओराइड बाष्पनशील नाही. त्यामुळे ज्योत हिरवी झाली नाही, तर क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन बहुधा नाहीत असं म्हणता येतं. हिरवी झाली, तर एवढंच कळतं की पुढे तपासायला हवं. केवळ ज्योतीवरून ‘हॅलोजन आहे’ असं वहीत लिहू नये.

सिल्व्हर नायट्रेटचा पांढरा गढूळपणा दोन ठिकाणांहून येऊ शकतो. एक म्हणजे नळाचं पाणी. त्यात क्लोराइड असतंच, आणि नळी नळाखाली धुऊन तशीच वापरली तरी ते पुरतं. दुसरं म्हणजे तुमचंच थायोसायनेट, कारण सिल्व्हर थायोसायनेटही पांढरं असतं. सिल्व्हर सायनाइडही पांढरंच आहे, वर सिल्व्हर क्लोराइडसारखंच अमोनियात विरघळतं. सिल्व्हर सल्फाइड काळं आहे. म्हणूनच एक्स्ट्रॅक्टमध्ये सौम्य नायट्रिक आम्ल घालून, ते निम्मं होईपर्यंत फ्यूम हूडमध्ये उकळायचं असतं, म्हणजे सायनाइड आणि सल्फाइड वायुरूपात निघून जातात. निघणारे हायड्रोजन सायनाइड आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही विषारी आहेत, हे उघड्या टेबलावर करू नका. थायोसायनेट मात्र अशा उकळण्याने सहज जात नाही. त्यासाठी मी सांगतो ती युक्ती वापरा. उकळलेल्या द्रावणाचे काही थेंब वेगळे काढून त्यात फेरिक क्लोराइड टाका. लाल रंग आला तर सिल्व्हर नायट्रेटच्या निकालावर विश्वास ठेवू नका, सोडियम वाढवून नवीन एक्स्ट्रॅक्ट करा. लाल आला नाही तर उरलेल्या द्रावणात निर्धास्तपणे सिल्व्हर नायट्रेट टाका. फेरिक क्लोराइडमध्ये क्लोराइड असल्याने ते मूळ नळीत पडू देऊ नका, एवढी काळजी घ्या.

सोबत कोरी चाचणी हवीच. तेवढंच सोडियम, तीच नळी, तेच पाणी, फक्त पदार्थ नाही. तिच्यातही गढूळपणा आला तर तो पाण्याचा किंवा काचेचा. ही कोरी चाचणी बॅचमध्ये एकाने केली तरी सगळ्यांना उपयोगी पडते, तरी ती बहुतेक ठिकाणी केलीच जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खरं हॅलोजन असलं तर अवक्षेप दाट येतो. पांढरा आणि अमोनियात सहज विरघळणारा असेल तर क्लोरीन. फिकट पिवळा आणि जेमतेम विरघळणारा असेल तर ब्रोमीन. पिवळा आणि न विरघळणारा असेल तर आयोडीन. फिकट पिवळा की पिवळा, यावर वाद नको. आम्लयुक्त एक्स्ट्रॅक्टमध्ये थोडं क्लोरोफॉर्म आणि थेंब थेंब क्लोरीन वॉटर घालून हलवा. खालचा थर जांभळा झाला तर आयोडीन, नारिंगी-तपकिरी झाला तर ब्रोमीन. क्लोरीन वॉटर जास्त झालं तर आयोडीनचं आयोडेट होऊन जांभळा रंग उडून जातो, म्हणून प्रत्येक थेंबानंतर पाहा. सिल्व्हर फ्लुओराइड पाण्यात विरघळतं, त्यामुळे फ्लुओरीन इथेही हाती लागत नाही.

सोडियम नीट वापरूनही नायट्रोजन निसटतो अशा काही जागा आहेत. हायड्राझीन आणि हायड्रॉक्सिलअमाइनमध्ये कार्बनच नाही, मग सायनाइड कुठून होणार? त्यांच्यात कोळशाची पूड मिसळून वितळवलं तर चाचणी येते. फिनाइलहायड्राझीनमध्ये कार्बन असल्यामुळे तिथे अडचण येत नाही. डायझोनियम क्षार सोडियमशी अभिक्रिया होण्याआधीच उष्णतेने नायट्रोजन वायू सोडून देतात. आणि पटकन उडून जाणारे द्रव सोडियम तापायच्या आत नळीबाहेर जातात. स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्यांनी ही कारणं समजून घ्यावीत, नुसती यादी पाठ केली तर प्रश्न थोडा फिरवला की अडकायला होतं.

कार्बन आणि हायड्रोजनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोरड्या कॉपर ऑक्साइडबरोबर तापवल्यावर चुन्याची निवळी दुधाळ झाली तर कार्बन, निर्जल कॉपर सल्फेट निळं झालं तर हायड्रोजन. ऑक्सिजनसाठी वर्गात वापरण्याजोगी थेट चाचणी नाही, म्हणून तर आपल्या जर्नलमध्ये तो कंसात लिहिण्याची पद्धत आहे. क्रियाशील गट सापडला की कंस काढायचा. फॉस्फरस क्वचितच विचारतात. पदार्थ सोडियम पेरॉक्साइडबरोबर वितळवून, नायट्रिक आम्लात उकळून अमोनियम मोलिब्डेट घातलं की पिवळाधमक अवक्षेप येतो.

तुमच्या कॉलेजात सोडियम मिळत नसेल किंवा नको वाटत असेल, तर मिडलटन यांची पद्धत आहे. त्यात झिंक पावडर आणि निर्जल सोडियम कार्बोनेट यांच्या मिश्रणात पदार्थ तापवतात. सायनाइड आणि हॅलाइड पाण्यात येतात, गंधक झिंक सल्फाइड म्हणून गाळात मागे राहतं. गाळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि लेड अ‍ॅसिटेटचा कागद काळा होतो. नायट्रोजन आणि गंधक इथे मुळातच वेगळे होतात, त्यामुळे थायोयुरियासारख्या पदार्थाला मी हीच पद्धत सुचवेन. झिंक शुद्ध हवं, त्यात सल्फाइडची भेसळ असली तर निकाल फसवा येतो. इथेही कोरी चाचणी करा.

पदार्थ थायोयुरियाच आहे हे पक्कं करायला कोरड्या नळीत थोडा पदार्थ मंद आचेवर वितळवा, थंड करून पाण्यात विरघळवा आणि फेरिक क्लोराइड घाला. लाल रंग येतो. उष्णतेने थायोयुरियाचा काही भाग अमोनियम थायोसायनेट होतो. दोघांचं रेणुसूत्र एकच आहे, रचना वेगळी. १८६९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रेनॉल्ड्स यांनी थायोयुरिया पहिल्यांदा बनवला तो याच्या उलट दिशेने, अमोनियम थायोसायनेट तापवून. व्होलर यांनी १८२८ मध्ये अमोनियम सायनेटपासून युरिया मिळवला होता, त्यातल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक ठेवलं की ही जोडी तयार होते. तुमच्या इग्निशन ट्यूबमध्ये सोडियम वितळत असतानाच हा बदल सुरू झाला असणार. थायोसायनेट इतक्या सहज का बनलं, याचं हेही एक कारण आहे.

आवरताना उरलेलं एक्स्ट्रॅक्ट आम्लाच्या बाटल्यांजवळ किंवा सिंकमध्ये ओतू नका. त्यात सायनाइड आहे. ते अल्कलीच ठेवून सोडियम हायपोक्लोराइट घाला, म्हणजे सायनाइडचं सायनेट होतं, आणि मग ठरलेल्या कचऱ्याच्या बाटलीत टाका. सोडियमचे उरलेले तुकडे केरोसिनमध्ये परत ठेवा, अगदी बारीक कण कोरड्या बीकरमध्ये स्पिरिट घालून संपवा. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत तिथे पाणी नेऊ नका.